डॅमेजचा डबा

“मॅडम, रोज रोज किनोआ खाऊन माणसाला कंटाळा आला, तर त्याने काय खावं?”

हा प्रश्न नववीतल्या रोशनीने पोषण सप्ताहाच्या कार्यक्रमात, भर सभागृहात, माईक ओठांना चिकटवून विचारला. विचारून झाल्यावर ती लगेच खालीही बसली नाही. टाळ्या पडल्याच तर आपण उभं असलेलं बरं, असा तिचा विचार होता.

पैज तिच्या दोन मैत्रिणींची, मिनल आणि कामिनीची होती. नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या शाळेत दरवर्षी एक आहारतज्ज्ञ मॅडम येतात, पडद्यावर रंगीत भाज्या दाखवतात आणि शेवटी “काही प्रश्न?” असं विचारतात. त्यावर आजवर कुणी काही विचारलेलं नाही, कारण प्रश्नांचा वेळ मधल्या सुट्टीतून कापला जातो. यंदा मात्र मॅडमनी पडद्यावर एक बारीक, पांढरट धान्य दाखवलं आणि म्हणाल्या, “हा किनोआ. परदेशी आणि महाग, म्हणून आपल्याकडे अजून फार थोड्या घरांत पोचलाय.” त्याबरोबर रोशनीच्या बरगड्यांत दोन्ही बाजूंनी दोन कोपरं घुसली. कारण त्या थोड्या घरांतलं एक घर शहराच्या टोकाला वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे, नत्थूजींच्या भाड्याच्या खोल्यांत होतं, आणि पावसाळा लागल्यापासून रोशनीच्या डब्यात दुसरं काही आलेलंच नव्हतं.

“विचार ना बे,” कामिनी कुजबुजली. “कंटाळा आला तर काय करू, विचार. हिंमत आहे तर.”

“ती नाही विचारत,” मिनल म्हणाली. “मागच्या वर्षी पाणी प्यायला जाऊ का विचारायले पण मलेच पाठवे.”

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मागच्या वर्षीची रोशनी बाकाच्या कडेला बसायची आणि हजेरीला “उपस्थित” असं म्हणायची तेसुद्धा बाकालाच ऐकू जायचं. मग स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला ऐनवेळी कांजिण्या निघाल्या आणि हातातला माईक कुणाकडे द्यावा हे न कळून बाईंनी तो सर्वांत जवळ उभ्या असलेल्या मुलीला दिला. त्या संध्याकाळी रोशनीला कळलं की आपल्याला आवाज आहे, आणि तो मागच्या रांगेपर्यंत जातो. तेव्हापासून तिला तो वापरल्याशिवाय चैन पडत नव्हतं. नवी सायकल मिळालेलं माणूस शेजारच्या घरी जायलाही सायकलच काढतं, त्यातलाच प्रकार.

टाळ्या पडल्या. आधी आहारतज्ज्ञ मॅडमनीच वाजवल्या. “बघा, किती जागरूक पालक आहेत!” त्या गदगदून म्हणाल्या. “कोणत्या कंपनीचा घेता गं तुम्ही?”

रोशनी उत्तर देणार एवढ्यात तिची नजर मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवर गेली. तिथे संस्थेचे सचिव मनोहरराव बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते चष्मा पुसत होते, आणि पुसून झाल्यावर त्यांनी तो डोळ्यांवर ठेवून रोशनीला नीट पाहून घेतलं.

मनोहरराव शुल्क सवलत समितीचेही अध्यक्ष होते. रोशनीच्या बाबांचा सवलतीचा अर्ज त्याच समितीपुढे पडलेला होता. तो मंजूर झाला तर रोशनी या शाळेत राहणार होती आणि नाही झाला तर दिवाळीनंतर नाही, एवढं बाबांनी तिला स्वच्छ सांगितलेलं होतं. हे सगळं तिला आठवलं ते माईक हातातून गेल्यावर.

आता किनोआ घरात आला कसा, हे सांगणं भाग आहे.

रोशनीचे बाबा प्रेमानंद वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात आवक-जावक बघतात. कुठे ट्रक कलंडतो, कुठे ताडपत्री गळते, कुठे हमालाच्या हातून खोका सुटतो. ज्याचा माल तो म्हणतो, हा मी उचलत नाही. असा माल म्हणजे ‘डॅमेज’. गोदामात पद्धत अशी की डॅमेज माल नोकरमाणसांनी पाळीपाळीने किरकोळ भावात घरी न्यायचा, आणि आपल्या पाळीला जे येईल ते निमूट न्यायचं. निवड नाही, तक्रार नाही. एका ड्रायव्हरच्या पाळीला तान्ह्या बाळांचे लंगोट आले तेव्हा त्याचा धाकटा मुलगा बारावीत होता. प्रेमानंदच्या मागच्या पाळीला दाढीचा फेस आला. त्या वर्षी नत्थूजींच्या सगळ्या खोल्यांतले पुरुष कधी नव्हे इतके गुळगुळीत होते.

यंदा किनोआ आला. पोतीच्या पोती. वरचं वेष्टन फाटलेलं, आतलं धान्य ठणठणीत. पहिले काही दिवस घरात उत्सव होता. आई शामलाने त्याचा उपमा केला, खिचडी केली, वडे केले, खीर केली. किनोआला स्वतःची म्हणून चव नाही. दुसऱ्याची चव मात्र तो अशी पिऊन टाकतो की झणझणीत तर्रीसुद्धा त्याच्यावर ओतली की गपगार होते. महिनाभरात घरातल्या सगळ्यांची बोलण्याची पट्टी खाली आली. पण तांदूळ, गहू, डाळ यांच्यावरचा खर्च वाचत होता आणि तो वाचलेला सगळा रोशनीच्या शाळेकडे जात होता, त्यामुळे कुणी काही बोलत नव्हतं. शेवटी बोलली ती रोशनीच, आणि बोलली ती माईकवर.

दुसऱ्या दिवशी प्रेमानंदना शाळेत बोलावणं आलं.

“आम्ही स्वतः घरी पोळी-भाजी खातो,” मनोहरराव म्हणाले. आवाज दुखावलेला होता. “आणि सवलत मागणारे किनोआ खातात. समितीने काय समजावं?”

“साहेब, तो डॅमेजचा आहे.”

“मग तसा दाखला आणा.”

प्रेमानंद गोदामात गेले. शेठने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि हात जोडले. “दाखला कसा देऊ गा प्रेमानंद? विम्याच्या कागदावर तो माल नष्ट झाला आहे. मी लिहून दिलं आहे तसं.”

म्हणजे कागदोपत्री बघता रोशनीच्या घरची माणसं गेले दोन महिने अस्तित्वात नसलेलं धान्य खात होती. हे जर समितीला पटवता आलं असतं तर त्यांच्याइतकं गरीब नागपुरात कुणी ठरलं नसतं. पण ते पटवणार कसं? प्रेमानंद रिकाम्या हाताने परत गेले आणि समितीने ठराव केला की घरी येऊन प्रत्यक्ष पाहणी करावी. रविवारी. जेवणाच्या सुमारास, म्हणजे ताटात काय असतं तेही दिसेल.

ही बातमी नत्थूजींच्या खोल्यांत पसरायला वेळ लागला नाही, कारण नळ एकच आहे.

“तुम्ही काही घाबरू नका भाऊ,” नत्थूजी म्हणाले. ते घरमालक असले तरी सल्ल्याचं भाडं घेत नाहीत. “पाहनीवाल्याले गरिबी दिसली पाह्यजे. टीव्हीवर चादर टाका. वहिनी, भिंतीवरचं ते सिनसिनेरीचं कॅलेंडर काढा, फार खुशाल दिसते. अन् रोशनी, तू अशी उभी राहू नको वं. थोडी वाकून राह्य.”

“वाकून काहून?” रोशनीने विचारलं. आठ महिन्यांपूर्वीच ती सरळ झाली होती.

“अरे, मुद्द्याचं बोला,” शेजारच्या अंजनाबाई मध्ये पडल्या. “ते येऊन राहिले जेवन पाहाले. शामले, तू आता झुणका-भाकर कर. गरिबाघरी झुणका-भाकर पाह्यली का मानूस गप बसते.”

शामला हिशेबी बाई. तिने मनातल्या मनात ज्वारी घेतली, बेसन घेतलं, तेल घेतलं, आणि तिचा चेहरा उतरला. “ज्वारी काय भावानं आहे माहीत आहे का बाई? गरिबाचं जेवन परवडत नाही ना मले. म्हनून तर ते बारकं शिजवून राहिली.”

मग अंजनाबाई उठल्या. “माह्याकडं आहे ज्वारी. गावाहून आली. लेकराच्या शाळेचा सवाल आहे.”

इथून पुढे जे झालं त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि हीच त्यातली सर्वांत भयंकर गोष्ट आहे. अंजनाबाईंनी ज्वारीचं पीठ दिलं म्हटल्यावर नत्थूजींच्या घरून बेसन आलं. नुसत्या बेसनाचा झुणका कोरडा होईल म्हणून कुणी ताक पाठवलं, त्याची कढी झाली. अंबाडीची भाजी आली. तिच्याशिवाय भाकर म्हणजे काही खरं नाही, यावर एकमत होतं. जवसाची चटणी आली, हिरव्या मिरचीचा ठेचा आला. पलीकडच्या खोलीतले रामाजी हिंगण्याच्या कंपनीत रात्रपाळी करून आले होते. त्यांनी न झोपता, “आपलाही हात लागला पाह्यजे,” म्हणत बेसनाच्या पातोडीची रस्सा भाजी घरून करवून आणली. किनोआची पोती सगळ्यांनी मिळून अंजनाबाईंच्या पलंगाखाली ढकलली.

रविवारी सकाळी रोशनीने स्वयंपाकाच्या ओट्याकडे पाहिलं. गरिबी इतकी झाली होती की ताटात मावत नव्हती.

“आई, हे जास्त होऊन राहिलं.”

“लोकं मनानं देऊन राहिले, नाही कसं म्हनू?” शामला म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत एक जुनी चमक होती. दोन महिन्यांनी तिला खरा स्वयंपाक करायला मिळाला होता.

मनोहरराव आले. बरोबर शाळेच्या कार्यालयातल्या प्रेमलताबाई होत्या. चादर टाकलेल्या टीव्हीकडे त्यांनी पाहिलं, उतरवलेल्या कॅलेंडरच्या चौकोनी डागाकडे पाहिलं, वाकून उभ्या राहिलेल्या रोशनीकडे पाहून “पाठ दुखते का गं?” असं विचारलं. पाणी प्यायले. आणि मग तव्यावरून भाकरीचा वास आला.

मनोहररावांना डॉक्टरांनी काय काय बंद केलं होतं ते समितीच्या कामकाजात येत नाही. पण तो वास आल्यावर ते बोलता बोलता थांबले. दारात आलेल्या माणसाला न जेवता जाऊ देणं शामलाला जमणारं नव्हतं, तिने पाट मांडले. “नको, नको,” म्हणत मनोहरराव बसले. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले. दुसरी भाकर त्यांनी मागून घेतली. तिसरी न मागता आली. कढीची वाटी त्यांनी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

“वहिनी,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता, “काय स्वयंपाक केला हो! इतकं सगळं!”

आता इथे शामलाने काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मला कळतं, दाराआड कान लावून उभ्या असलेल्या अंजनाबाईंनाही कळत होतं. पण पाहुण्याने स्वयंपाकाची तारीफ केली की बाईमाणसाच्या तोंडून एकच वाक्य येतं. तिच्या आईच्या तोंडून तेच यायचं. ते विचारातून येत नाही, पदर सावरण्यासारखं आपोआप येतं.

“कुठचं काय जी,” शामला लाजून म्हणाली. “काहीच नाही केलं. साधंच तर आहे, रोजच्यासारखं.”

प्रेमानंदनी डोळे मिटले. दारापलीकडे अंजनाबाईंनी “माय वं!” म्हणून कपाळाला हात मारला तो इकडे ऐकू आला.

“रोजच्यासारखं?” मनोहरराव म्हणाले. त्यांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं. “अहो, हे असं जेवण मिळावं म्हणून आम्ही हॉटेलाबाहेर ताटकळत उभे राहतो. आणि तुमच्याकडे हे रोज?”

“अन् वर किनोआ,” प्रेमलताबाई म्हणाल्या.

रोशनीची पाठ सरळ झाली. तिने खूप आवरलं, पण आवाज आलाच. “सर, ही ज्वारी अंजनाकाकूंची आहे. ही पातोडी रामाजीकाकांची. ही भाजी, हे ताक, सगळं शेजाऱ्यांचं. तुम्हाला आम्ही गरीब दिसावं म्हणून केलं. आम्ही खरंच रोज किनोआच खातो, तो फाटक्या पोत्यातला आहे आणि आम्हाला त्याचा वीट आलाय.”

प्रेमलताबाईंनी आपलं ताट जरा पुढे सरकवलं.

“म्हणजे,” प्रेमलताबाई सावकाश म्हणाल्या, “तुम्ही मुलीला खराब झालेलं धान्य खायला घालता?”

“खराब नाही जी, डॅमेज!” प्रेमानंद कळवळून म्हणाले. “फक्त पोतं फाटलं आहे.”

पण आता पाहुण्यांचे चेहरे वेगळे झाले होते. आधी ते या घरातल्या ताटावर रुसले होते. आता त्यांना त्या ताटाची काळजी वाटू लागली होती, आणि ती रुसण्यापेक्षा फार वाईट निघाली.

समितीने सवलत मंजूर केली. हो, केली. एका अटीवर. विद्यार्थिनीच्या आहाराबाबत समितीला चिंता वाटत असल्यामुळे तिने रोज मधल्या सुट्टीत आपला डबा कार्यालयात प्रेमलताबाईंना उघडून दाखवावा. डबा उधळपट्टीचा नसावा आणि हलगर्जीपणाचाही नसावा.

नत्थूजींच्या खोल्यांत त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले. रोशनीनेही एक खाल्ला. तिला वाटलं, डबा तर दाखवायचा आहे, त्यात काय?

डब्यात आता किनोआ न्यायची सोय नव्हती, म्हणून सवलतीतून वाचलेल्या पैशांतून सोमवारी बटाट्याची भाजी होती. “नुसता बटाटा? वाढत्या वयात?” प्रेमलताबाई हळहळल्या. मंगळवारी शामलाने अंड्याची पोळी दिली. “अंडी?” बाईंनी भुवई उचलली. “परवडतात का?” मग रात्रीच्या पोळ्यांचा फोडणी दिलेला कुस्करा गेला, जो रोशनीला जगात सर्वांत जास्त आवडतो. प्रेमलताबाईंनी झाकण हळूच परत लावलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात रोशनीला दिवसभर डोक्यावर जाणवत राहिला. मटकी नेली तर ती “जड” ठरली, भात नेला तर “हलका”. सणाचं उरलेलं श्रीखंड नेलं त्या दिवशी तर मनोहररावांना बोलावून दाखवण्यात आलं.

प्रेमलताबाई दुष्ट नव्हत्या. त्या स्वतःच्या डब्यातली लोणच्याची फोडही तिला देऊ करायच्या. पण कार्यालयाच्या खिडकीतून अख्खं मैदान दिसायचं, म्हणजेच मैदानातून अख्खं कार्यालय दिसायचं.

“आज काय निकाल लागला?” मिनल विचारायची. सुरुवातीला त्या तिघी पोट धरून हसायच्या. कामिनी प्रेमलताबाईंची नक्कल करून स्वतःच्या सँडविचला “परवडतं का रे तुला?” असं विचारायची. मग हळूहळू हसणं कमी झालं. मग मिनल आणि कामिनी रोशनीची वाट बघत डबे न उघडता बसू लागल्या, आणि ते तिला हसण्यापेक्षा जड गेलं. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की तिचा हात अर्धवट उठायचा आणि केस सावरून खाली यायचा.

घरी शामलाला डबा करताना भांड्यांशी बोलायची सवय होती, ती आता मोडली. “हे टाकू का? नको, मागून म्हनतील बेसन रोजच. वांगं टाकू? वांगं गरीब दिसते का श्रीमंत?” असं ती अंजनाबाईंना नळावर विचारत असे. रोशनीला काय आवडतं, हे तिने विचारल्याला बरेच दिवस झाले होते. एकदा डब्यात पोळीशेजारी नुसती मुगाची उसळ होती, न तिखट, न मीठ, जसं प्रेमलताबाईंनी सुचवलं होतं तसं. रोशनीने ती खाल्ली नाही. डबा तसाच घरी आला. शामलाने झाकण उघडलं, आत बघितलं आणि तो धुवायला घेतला. धुताना तिची पाठ रोशनीकडे होती. ती बराच वेळ एकच डबा धूत राहिली.

प्रेमानंद कपडे बदलून जेवायला बसले होते. आज ताटात परत किनोआच होता, पण कुणी नाक मुरडलं नाही.

“बाबा, इकडं पाहा. आई, तू पण. नळ बंद कर.”

दोघांनी पाहिलं. रोशनी दाराजवळ उभी होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, सोडलं, परत गुंडाळलं.

“मी उद्या मनोहररावांना जाऊन सांगून राहिली का सवलत नको. दिवाळीनंतर मी वाडीच्या शाळेत जाईन. रडू नको वं आई, मी पण नाही रडून राहिली. मिनल अन् कामिनी रडतील, त्याहिले रडू दे. अन् उद्यापासून माझ्या डब्यात तुले जे मनापासून टाकावं वाटते ते टाक. त्याचं झाकण फक्त मी उघडीन.”